दिवाळीपर्यंत गाणं नाही

शाळेत मी दिवसभर गात असे आणि शाळा सुटली की दुसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेपर्यंत गप्प असे. व्रत वगैरे काही नव्हतं, बोलायला कुणी नव्हतं एवढंच. भंडारा जिल्ह्यात करडीहून आत गेलं की लागणाऱ्या एका गावात दोनशिक्षकी शाळा होती. तिसरी-चौथी मुख्याध्यापक सरांकडे आणि पहिली-दुसरी माझ्याकडे. शाळेमागच्या आळीत माझी भाड्याची एक खोली. जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले तेव्हा माझं गाव गोंदियाच्या वाट्याला गेलं आणि मी नोकरीसकट भंडाऱ्याच्या. पुढे आई-वडील गेले, भाऊ तिकडेच राहिला, माझं लग्न राहून गेलं, आणि बदलीचा माझा अर्ज दर वर्षी कुठल्या तरी टेबलावर वाळत पडायचा. लोक विचारायचे, करमतं का? मी म्हणायची, शाळा आहे ना. ते उत्तर खरंही होतं आणि पुरेसंही नव्हतं.

गाण्याबद्दल मात्र माझ्या नाकावर माशी बसत नसे. पहिली-दुसरीच्या मुलांना खाली बसवून गाणं शिकवता येत नाही, हे माझं ठाम मत. सा म्हटलं की उकिडवं बसायचं, सूर चढत गेला की उभं राहायचं, वरचा सा आला की टाचा उचलून हात आभाळाकडे. खंजिरीवर ठेका धरला की वर्गात गोल फिरायचं, समेवर पाय आपटायचा, खंजिरी थांबली की जिथं असाल तिथं पुतळा. हललं ते बाद. बाद झालेल्यानं माझ्याजवळ येऊन टाळी धरायची, म्हणजे तेही रिकामं राहत नाही. अंक, महिने, झाडांची नावं, सगळं मी गाण्यात बसवलं होतं. तालुक्याच्या प्रशिक्षणात कृतिगीतं घ्यायला मला बोलवायचे. चाळीस-पन्नास पोक्त गुरुजी-बाई माझ्या इशाऱ्यावर बेडकासारख्या उड्या मारायचे आणि मला मनातून फार बरं वाटायचं.

या ताठ्याला एकदाच धक्का बसला. मी रोवणीवर एक गाणं रचलं होतं. 'पऱ्हे घ्या हाती, वाकू या जरा, एक पाय पुढे, रोवू या भराभरा.' मुलं ओळीनं वाकून, हातानं धानाची रोपं लावल्यासारखं करत वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पुढे पुढे यायची. खिचडी शिजवणाऱ्या काकू दाराशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या हसायला लागल्या ते थांबेचनात. मी विचारलं, काय झालं. म्हणाल्या, "म्याडम, असं पुढं पुढं गेलं तं रोवलेलं सारं पायाखाली जाईन ना. रोवनारी मांगं मांगं सरते."

माझा चेहरा पडला. सगळा मुलूख धानाचा आणि माझा जन्मही तिथलाच; पण वडील कारकून, आमच्या पायाला धानाच्या बांधीचा चिखल कधी लागला नाही. रोवणीच्या बाया मी एसटीच्या खिडकीतून पाहिलेल्या. धावत्या गाडीतून वाकलेली बाई पुढे जातेय की मागे, कळत नाही. चूक कबूल करून गाणं बदलणं दोन मिनिटांचं काम होतं. मी ते केलं नाही. हे कृतिगीत आहे, शेतीचा तास नाही, असं काकूंना सुनावलं. त्या "हाव, तेबी बराबर आहे" म्हणून पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. पुढचं वर्षभर माझ्या वर्गात धान पायाखाली तुडवत रोवलं गेलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात, स्नेहसंमेलनाच्या तालमींत, माझा आवाज बसला. बसतो कधीकधी, म्हणून मी हळद-दूध घेतलं, मिठाच्या गुळण्या केल्या, ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरून वर्ग घेतले. आवाज थोडा वर यायचा, पुन्हा खाली जायचा. वरचा सा फुटायला लागला तेव्हा मी गाणी खालच्या पट्टीत घ्यायला लागले. मुलांना काय कळतं, असं मला वाटलं. मुलं मात्र टाचा अर्ध्याच उचलायला लागली होती. ते मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीच्या अखेरीस भावाकडे गेले असताना बोलता बोलता एकदम शब्दच उमटेना. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. नागपूरच्या डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं आणि सांगितलं की स्वराच्या पट्ट्यांवर दोन गाठी आल्यात. आवाज रगडून वापरणाऱ्यांना येतात, भाजीवाल्यांना, कीर्तनकारांना, मास्तरणींना. लगेच कापाकापी नको म्हणाले. आधी आवाजाला विश्रांती. महिनाभर एक शब्द नाही, कुजबुजही नाही. त्यानंतर अगदी गरजेपुरतं, हळू. आणि दिवाळीपर्यंत गाणं नाही. मी त्यांच्याच कागदावर लिहून विचारलं, नंतर गाता येईल ना? त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "पाहू."

त्या एका शब्दावर मी चार महिने काढले. आवाज गेला तर नोकरी जाईल, अशी भीती नव्हती. सरकारी नोकरी अशी जात नसते. पण मला दुसरं काही येत नव्हतं. गाणं वजा केलं तर वर्गात मी कोण उरते, हे मला माहीत नव्हतं. खोलीत मी कोण होते, ते तर पुरतं माहीत होतं.

सर म्हणाले, वैद्यकीय रजा घ्या, दोन्ही वर्ग मी सांभाळतो. मी पाटीवर लिहिलं, मुलांचं नुकसान होईल. सर सगळ्यांना कौतुकानं सांगत सुटले की म्याडम किती कर्तव्यदक्ष. खरं कारण असं होतं की चार महिने त्या खोलीत भिंतींकडे पाहत बसायची माझी छाती नव्हती. लोकांनी केलेलं कौतुक मी खोडलं नाही.

शाळेच्या पहिल्या दिवशी प्रार्थनेनंतर सरांनी मुलांना समजावलं. माणूस भला, पण सांगताना तिखटमीठ लावल्याशिवाय त्यांना राहवत नसे. म्हणाले, म्याडमच्या घशात जखम आहे. त्या बोलल्या तर जखम फाटेल आणि गायल्या तर रक्त येईल. म्हणून म्याडमला कुणी बोलायला लावायचं नाही. दुसरीच्या मुलांनी माझ्या गळ्याकडे भीतीनं पाहिलं. पहिलीची तर त्या दिवशीच शाळेत आली होती. त्यांना वाटलं असेल, शाळेतल्या बाई अशाच असतात.

महिना संपल्यावर गरजेपुरतं बोलायची मुभा होती. मी ते शब्दही वाचवले. खोलीवर दूधवाल्याला 'उद्या नको' एवढं सांगायची. शाळेत तोंड उघडलंच नाही. एकदा उघडलं असतं तर मला गाणं आवरलं नसतं, इतकं मी स्वतःला ओळखून होते.

दुसरीला पाटीवर लिहून दाखवता येई, पण पहिलीला अक्षरओळखच नव्हती. मग उरले हात-पाय आणि खंजिरी. मी हात वर नेला की मुलं टाचांवर. हात खाली आला की उकिडवी. सूर काढायचा कुणी? दुसरीत एक मुलगी होती, दोन वेण्या, समोरचे दोन दात पडलेले. मागच्या वर्षभरातली माझी सगळी गाणी तिला पाठ होती. मी हात वर केला आणि तिनं आपणहून सा लावला. माझ्या 'सा'पेक्षा चांगला दीड सूर वर, पण स्वच्छ. दुसऱ्या दिवशीपासून तीच गाणं सुरू करायची. मी खंजिरी वाजवायची आणि ती गायची. मला तिचं कौतुक वाटायचं आणि मत्सरही वाटायचा. सात वर्षांच्या पोरीचा मत्सर करणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

गावात वेगळीच गंमत. मी बोलत नाही म्हणजे मला ऐकूही येत नाही, असं अर्ध्या गावाला वाटायचं. दुकानदार मला ओरडून भाव सांगायचा. किराणा बांधून देताना माझ्यासमोरच दुसऱ्या गिऱ्हाईकाला म्हणाला, "बिचारी म्याडम. एकटी जीव, त्यात मुकी झाली." मी पिशवी उचलली आणि घरी आले. त्याला वाचेनं उत्तर देता आलं असतं तरी काय दिलं असतं? त्यातलं खोटं एवढंच, की मुकेपण तात्पुरतं होतं. भावाचा फोन यायचा तेव्हा मी उचलून नुसती टिचकी वाजवायची, म्हणजे मी आहे. तो दोन मिनिटं पाऊसपाण्याचं सांगायचा आणि मग त्यालाही आपण भिंतीशी बोलतोय असं वाटत असावं. आठवड्याचे फोन पंधरवड्यावर गेले. त्याचा दोष नव्हता.

श्रावण लागला तसा रोवणीला जोर आला आणि वर्ग ओस पडला. आया बांधीत, तर मोठी भावंडं धाकट्यांना सांभाळायला घरी किंवा शेताच्या धुऱ्यावर. मागच्या वर्षीच्या रिवाजानं मी रोवणीचं गाणं घ्यायचं ठरवलं. आलेल्या अकरा मुलांना वर्गाच्या मधोमध ओळीत उभं केलं, वाकून दाखवलं आणि खंजिरीवर ठेका धरला. दोन वेण्यांच्या मुलीनं माझं गाणं सुरू केलं, पण एकच ओळ म्हणून ती अडखळली. आदल्या दिवशीच ती आईबरोबर बांधीवर गेली होती. खंजिरी चालूच होती. तिनं सरळ आईचं गाणं धरलं:

"मांगं सर गं बाई, मांगं सर,
हिरवी झाली बांधी, आता घरचं काम कर."

आणि अकराच्या अकरा मुलं वाकून मागे मागे सरकायला लागली. मी सवयीनं हात वर केला. पुढे, पुढे, असं सांगायला तोंडही उघडलं असावं. पण आवाजाला बंदी होती, आणि हातानं 'पुढे' दाखवलेलं पाहायला कुणी वर बघत नव्हतं. सगळी जमिनीकडे पाहत होती, जिथं रोपं लागत होती तिकडे. हात तसाच राहिला आणि मी पाहत राहिले.

मागचं वर्षभर यातली दुसरीची मुलं माझ्या गाण्यावर एकमेकांना धडकायची, कुणी पुढे पळायचं, कुणी मागे रेंगाळायचं, आणि मी 'ताल, ताल' म्हणून ओरडायची. आता मागे जाताना कुणाला कुणी दिसत नव्हतं आणि तरी ओळ सुतात होती. मागे सरकणारं मूल कानावर चालतं. शेजाऱ्याचा पाय कधी पडला, ते ऐकून आपला टाकतं. जे शिकवायला मी घसा फाडून घेतला होता, ते त्यांना येत होतं. त्यांच्या आयांना येत होतं, आयांच्या आयांना येत होतं. मी त्यांना उलट्या दिशेनं चालवत होते, एवढीच काय ती अडचण होती.

मी ओळीच्या टोकाला गेले, पदर खोचला आणि त्यांच्याबरोबर मागे सरकू लागले. चार पावलांत भिंतीवरच्या तक्त्यावर आपटले. मुलं खदखदा हसली. काकू दारात होत्या, त्या मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आत येऊन माझ्या कमरेवर हात ठेवला आणि पाय कसा टाकायचा ते दाखवलं. टाच आधी नाही, बोटं आधी, चिखलात बोटांनी चाचपून मग भार द्यायचा. मला त्यांची माफी मागायची होती. पाटी टेबलावर होती, आणि काकूंना वाचता येत नव्हतं. मी नुसती मान हलवली. त्यांना वाटलं, कळलं म्हणते आहे.

त्यानंतर वर्ग बदलला. मी मुलांना सगळीच गाणी मागे चालत म्हणायला लावली. मग डोळे मिटून, मग पाठीला पाठ लावून. त्यांच्या घरची गाणी रोज नवी यायची. दळणाची, झोपाळ्याची, बैलांच्या सणाची. मी ठेका धरायची आणि ऐकायची. इतकं चांगलं मी आयुष्यात शिकवलं नाही, असं आज वाटतं. पण तेव्हा मला ते सुख पुरतं नव्हतं. गाणं माझ्या चारी बाजूंनी चाललेलं आणि मी त्याच्या बाहेर. बोडीच्या काठावर उभं राहून दुसऱ्यांचं पोहणं पाहावं, तसं. मी दिवाळीचे दिवस मोजत होते.

दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला गेले. डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण घातली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, गाठी विरल्यात. आवाज पूर्वीइतका चढणार नाही, पण गाता येईल. थोडं थोडं करा. मी रडले. त्यांनी कापूस पुढे केला, त्यांना वाटलं दुर्बिणीनं डोळ्यांत पाणी आलंय.

परतीच्या एसटीत नागपूर ते भंडारा मी ओठ घट्ट मिटून बसले होते. खोलीत आल्यावरही गायले नाही. चार महिने राखलेली पहिली ओळ रिकाम्या खोलीत खर्च करायची नव्हती. ती मुलांना द्यायची होती. कोणतं गाणं, कोणती पट्टी, सगळं मी मनात ठरवलं होतं. सुट्टी संपायचे उरलेले दिवस मी एखाद्या नव्या नवरीसारखे काढले, हे लिहायला आता संकोच वाटत नाही.

शाळा उघडली. मुलं गोलात उभी राहिली. माझा हात वर जाण्याची वाट पाहत दोन वेण्यांची मुलगी तयार होती. तिला एव्हाना दोन नवे दात आले होते. मी हात वर केला नाही. मी सा लावला.

आवाज घोगरा होता, खालचा होता, पण तो माझा होता. मुलं आनंदानं उड्या मारतील, अशी माझी कल्पना. मुलं दचकली. पहिलीतली एक चिमुरडी दोन पावलं मागे सरली आणि शेजारच्या पोराला तिनं विचारलं, "म्याडमले बोलता येते?" त्यानं खांदे उडवले. त्यानं तरी मला कुठं ऐकलं होतं? मी पुढची ओळ घेतली. तेवढ्यात दुसरीतलं एक पोर रडायला लागलं. रक्त येईल म्हणालं. दोन वेण्यांची मुलगी पुढे आली आणि तिनं माझा हात धरला.

"नोका गाऊ, म्याडम," ती म्हणाली. "आमी गातो ना. तुमी फक्त वाजवा."

मी म्हटलं, मी बरी झाले, डॉक्टर म्हणाले. ते कुणाला पटलं नाही. चार महिने त्यांनी माझा घसा सांभाळला होता. माझ्या वाटचं गायले होते, वर्गात कुणी ओरडलं तर एकमेकांच्या तोंडावर हात ठेवले होते. ते मी असं एका ओळीत कसं मोडू शकत होते? त्यांच्या डोळ्यांत काळजी होती, आणि त्या काळजीत माझ्या आवाजाला जागा नव्हती. मी खंजिरी उचलायला वाकले. माझ्यानं ती वाजवणं होईना.

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. तिला काय समजलं कोण जाणे. तिनं मला खाली बसायची खूण केली, माझीच, 'सा'ची. मी उकिडवी बसले. तिनं आपला तळवा माझ्या गळ्यावर ठेवला आणि म्हणाली, "आता म्हना. हळू. एकच ओळ."

मी एकच ओळ म्हटली. तिच्या बोटांखाली माझा गळा थरथरत होता. ओळ संपली तशी तिनं विचारलं, "दुखते?"

"नाही," मी म्हटलं.

तिनं हात काढून पाहिला. रक्त नव्हतं. मग तिनं पहिलीतल्या चिमुरडीला पुढे ढकललं. तिचाही हात गळ्यावर, एक ओळ. मग रडणारं पोर. मग सगळी एकामागे एक उभी राहिली, कुणाचे हात खडूचे, कुणाचे सकाळच्या चटणीचे. प्रत्येक हाताला एक ओळ. आई गेल्यापासून माझ्या गळ्याला कुणाचा हात लागला नव्हता, हे मला त्या रांगेत बसल्यावर कळलं. सरांनी मधल्या सुट्टीची घंटा दिली तेव्हा पाचजणं राहिली होती. त्यांनी उद्या आमचा नंबर पहिला, असं मला बजावलं आणि ती खिचडीला पळाली.

संध्याकाळी खोलीवर आले. हातपाय धुतले, आरशासमोर उभी राहिले, स्वतःचा तळवा गळ्यावर ठेवला आणि तीच ओळ म्हटली. आवाज डॉक्टरांनी सांगितलं तसा बरा होता. गळाही तसाच थरथरला. पण हात माझाच होता. मी तो काढून घेतला आणि कुकर लावला.